शेळ्यावालीची उलटी तक्रार

"किती शेळ्या खाल्ल्या?" फॉरेस्टच्या साहेबांनी पेन काढत इचारलं.

"एकबी न्हाई," मी म्हणलं.

"मग तक्रार कशाची?"

"तीच तर तक्रार हाय. बिबट्याची मादी हाय, पण पिंजऱ्यात. खाईल कशी?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. त्यांचंबी काय चुकलं? धनगराची बाई बिबट्याची बाजू घेऊन आलेली त्यांनी कधी बघितलीच नसंल. मी अंबाबाई. गंगाखेडच्या अलीकडं आमची वस्ती, चाळीस शेळ्या. चरायच्या वाटेवर एका बड्या माणसाचं फार्महाऊस हाय. तिथं सिमेंटच्या फरशीवर सहा वर्षं ती कोंडलेली, नाव चांदणी. पाव्हणे आले की तिला काठीनं ढोसून बारक्या पेटीत घालायचे, हिरवळीवर आणायचे आन् फोटो काढायचे. मी रोज कुंपणापाशी थांबून "ये बाई, ये" म्हणायची, ती येऊन जाळीला अंग घासायची.

आमचे हे, येडबा, म्हणायचे, "खूळ लागलं का तुला? सुटली तर पहिली तुझीच शेळी नेईल." नेऊ दे म्हणलं, पण आधी सुटू तर दे.

साहेबांनी मनावर घेतलं. आठ दिवसांत पोलीस आले, बड्या माणसाला घेऊन गेले, आन् मागोमाग प्राण्यांच्या निवारा केंद्राची गाडी आली. संगं राजेश्री मॅडम, जनावरांच्या डॉक्टर. पण चांदणी काय गाडीतल्या पिंजऱ्यात जाईना. पिंजरा म्हणजे तिला ती पेटीच वाटायली. भिंतीला चिटकून नुसती थरथरायली. मटण ठेवलं, पाणी ठेवलं, दुपार कलली.

"बेशुद्ध करावं तर हिचं हृदय कमजोर आहे," मॅडम म्हणल्या. "परत उठलीच नाही तर?"

तक्रार मीच केली होती. ती मेली असती तर जन्मभर माझ्याच जिवाला लागलं असतं.

मग डोकं चाललं. शेळ्या नव्या वाड्यात शिरत न्हाईत तवा आमी जुन्या वाड्यातलं काहीतरी आत टाकतो. वास वळखीचा आला की गप जाऊन बसत्यात. पण हिच्या जुन्या जागेत सिमेंट आन् काठीशिवाय होतं काय? मी खांद्यावरची घोंगडी काढली. बापानं लग्नात दिलेली, शेळ्यांचा आन् माझा वास मुरलेली. कुंपणापाशी तोच वास तिला रोज यायचा.

"मावशी, फाडून टाकेल ती," मॅडम म्हणल्या.

"फाडू द्या. माझीच हाय."

घोंगडी पिंजऱ्यात अंथरली. सगळ्यांना लांब केलं, आन् पलीकडून मी हाक मारली, "ये बाई, ये."

चांदणीनं वास घेतला. एक पाय टाकला, मागं घेतला. मी आपली दमानं बोलावत राहिले. शेवटी ती आत आली आन् घोंगडीवर अंग टाकून बसली. दार लागलं. मी तिथंच खाली बसले. येडबा डोक्याच्या पटक्यानं डोळे पुसायले. डोळ्यात माती गेली म्हणे.

दोन महिन्यांनी मॅडमनी आमाला केंद्रात बोलावलं. केवढं मोठं रान तिथं, झाडं, गवत, पाण्याचं तळं. चांदणी मातीत लोळायली होती, चार पाय वर करून. मी कुंपणापाशी जाऊन म्हणलं, "ये बाई, ये."

तिनं मान वळवून बघितलं, मोठी जांभई दिली आन् माझ्याकडं पाठ करून गवतात निघून गेली.

"बघ," येडबा म्हणले, "वळखलंबी न्हाई. घोंगडीबी गेली."

"वळखलं तिनं," मी म्हणलं. मला लय आनंद झाला होता, हसू थांबंना.

परत येताना गंगाखेडला उतरले आन् आधी फॉरेस्टच्या साहेबांकडं गेले. "साहेब, चांदणी आता बोलावलं तरी येत न्हाई."

"मग तक्रार लिहून घेऊ?" साहेब हसत म्हणले.

"न्हाई," मी म्हणलं. "आधीची मिटली, ते सांगायला आले."