पान तीनवरची मुलगी

"बाबा, आज मला नैराश्य आलंय," लेकीने जाहीर केलं आणि बिस्कीट चहात बुडवलं.

"कशाने गं?"

"कोण जाणे. पान तीनवर आलंय."

फोटोग्राफरने वर्तमानपत्र ओढून घेतलं. जिन्याच्या पायरीवर पाठमोरी बसलेली मुलगी, मान मोबाईलवर झुकलेली, खिडकीतून आलेला तिरपा उजेड. फोटो त्याचाच, जिना त्याच्याच इमारतीचा आणि मुलगीही त्याचीच. उजेड असा काही जमून आला होता, की न राहवून त्याने तो फोटो कचेरीच्या संग्रहात टाकला. तेव्हापासून तरुण पिढीवर काहीही छापायचं झालं की पान लावणाऱ्यांचा हात त्याच फोटोवर पडे. त्या पायरीवर बसल्या बसल्या लेक गेमच्या नादी लागली, परीक्षेत आपटली, एकदा तर घरातून पळून जायच्या बेतात होती. प्रत्यक्षात ती मोबाईलवर मावशीच्या मांजरीची पिल्लं बघत होती.

"तोंड कुठे दिसतंय तुझं?" त्याने ठेवणीतला बचाव काढला.

"मानेवरचा डाग दिसतो ना! वरच्या मजल्यावरच्या काकूंनी त्यांच्या मुलीला, माझ्या मैत्रिणीला, माझ्याबरोबर बसायला बंदी केलीय. ती मुलगी बरी नाही म्हणे." तिने कप बाजूला सारला. "जिन्यात बसणंच सोडलं मी. तुला कळलंसुद्धा नाही."

"उजेड मात्र झकास पडलाय हं," बायको म्हणाली. तो उठला.

कचेरीत उपसंपादक बाई ऐकेनात. "काढून टाकू? अहो दादा, अख्खी पिढी मावलीय तुमच्या त्या एका फोटोत!"

"तीच तर तिची तक्रार आहे."

"मग दुसरा आणा. उद्या मुलांच्या उडालेल्या झोपेवर अर्धं पान आहे."

तो कॉलेजच्या फाटकाशी गेला. दोन मुली एका मोबाईलवर वाकल्या होत्या. त्याने कॅमेरा डोळ्याला लावला.

"काका, कशासाठी काढताय?" एकीने सरळ विचारलं.

उद्या झोपेसाठी. पुढे व्यसनासाठी, मग आणखी कशासाठी, ते त्याला तरी कुठे ठाऊक होतं? "काही नाही गं, चालू दे तुमचं," म्हणत त्याने कॅमेरा खाली घेतला आणि घर गाठलं. जिन्याचा फोटो काढला. नुसत्या जिन्याचा.

"यात मुलं कुठायत?" बाईंनी विचारलं.

"झोपली असतील."

बाई खो खो हसल्या आणि फोटो पानात बसवला. जुना त्याने संग्रहातून स्वतःच्या हाताने पुसला. पुसण्याआधी पुन्हा एकदा पाहून घेतला, एवढंच.

परतताना तो वरच्या मजल्यावर गेला. "फोटो मी काढलेला. ती मांजरीची पिल्लं बघत होती, वहिनी. पोरगी ठणठणीत आहे."

"मग पेपरात तसं का आलं?"

"मी येऊ दिलं म्हणून."

वहिनींनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. मग म्हणाल्या, "पाठवते मुलीला उद्या."

सकाळी लेकीने पान उलटलं. रिकाम्या पायऱ्या बघून गालात हसली आणि मोबाईल घेऊन बाहेर पडली.

कॅमेऱ्याची पिशवी खांद्याला लावून तो निघाला, तर पायरीवर दोन माना एका मोबाईलवर झुकलेल्या. खांदे हसून गदगदत होते आणि वर तोच तिरपा उजेड, कदाचित त्याहून सरस. त्याचा हात आपोआप पिशवीकडे गेला.

"बाबा!" लेक मागे न बघताच म्हणाली.

"कॅमेरा बंद आहे गं," तो म्हणाला आणि आपली सावली त्यांच्यावर पडू नये म्हणून भिंतीला अंग घासत खाली उतरला.