मामाच्या नावाने भोंगा

मी डोळा बोलतोय. भंगार वितळवणाऱ्या कारखान्याच्या गेटावर, बंद लोखंडी पेटीत बसलेला काचेचा डोळा. हसू नका. उजेडात मी कामातून जातो, म्हणून काळोखात कोंडलंय.

माझ्यापुढे प्लास्टिकची जाड लादी आहे. भंगारातून घातक किरणं आली की तिच्यात बारीक चमक उठते. तुमच्या बापालाही दिसायची नाही, मला दिसते. माझ्या आत एक इलेक्ट्रॉन सुटतो, पत्र्यावर आपटून चार उठवतो, ते चार पुढच्या पत्र्यावर सोळा. नळावर एकीने चौघींच्या कानात सांगावं, तसं. शेवटी एवढा गलका होतो की भोंगा वाजतो.

एकदा लॉरीवाल्या मामावर वाजला. त्याची भाची आत भंगार निवडते, म्हणून तो सगळ्यांचाच मामा. लॉरीत काही नव्हतं. दवाखान्यात गळ्याच्या तपासणीला त्याला किरणांचं औषध पाजलं होतं, किरणं त्याच्या गळ्यातूनच येत होती. सगळे पोट धरून हसले. मीही हसलो, खोटं कशाला बोलू.

औषध उतरलं, मी गप्प झालो. ते कोण बघतंय? परवा मामाची लॉरी आली आणि मी जीव तोडून बोंबललो.

"मामा, गळा परत गायला लागला वाटतं," मुकादम म्हणाला आणि मेल्याने भोंगाच बंद केला. "जाऊ दे आत. भाची खोळंबलीय."

माझा नुसता संताप झाला. त्या पोरीचे हात जाणार होते ढिगात, आणि यांना थट्टा सुचतेय.

मामाही तडकला. "रोज माझ्या गळ्यावर काय येता? लाव भोंगा. चालतच जातो." मुकादमाने भोंगा लावला. मामाने लॉरी पार लांब मागे नेली, उतरला, छाती काढून माझ्यासमोरून गेला.

मी चूप.

"परत ये बरं," मुकादम म्हणाला. मामा परत आला. मी चूप.

"आता लॉरी आण," मुकादमाचा आवाज पडला होता.

लॉरी आली आणि मी असा कोकललो की मामाच खाली उडी टाकून आत धावला, "पोरी, लांब हो, हात लावू नकोस" म्हणत.

मागून जाणती माणसं आली. लॉरीतल्या ढिगात शिशाचा फुटका डबा निघाला, घातक किरणांचा माल कोंडून ठेवायचा.

आता मुकादम माझी पेटी पुसतो. नको मला तुझं फडकं. मी ओरडलो की आधी लॉरी मागे घे, दात मग काढ.

मामा मात्र रोज उतरतो, मला वेडावत चालत जातो. मी गप्प बसतो. लाडाने नाही हो. काही नसतं म्हणून.