बिनदोऱ्याची शिवण

आमच्या नाटक कंपनीच्या मालकांकडे मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्याकडे एक कोरी करकरीत गोष्ट होती. गोष्ट माझी, शब्द माझे, चाली माझ्या. त्यांनी ती मन लावून ऐकली, मधे एकदा डोळेही पुसले, आणि शेवटी विचारलं, छान आहे, पण ह्याच्यावर सिनेमा आलाय का? नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. मग लोक तिकीट कशाला काढतील, असं त्यांचं म्हणणं. हल्ली संगीत नाटकाचा धंदा असाच चालतो. लोकांनी जे पाहिलंय तेच त्यांना पुन्हा दाखवायचं, फक्त समोर जिवंत माणसं असतात आणि खुर्च्या महाग असतात.

तर त्यांनी मला एक सिनेमा दिला. म्हणाले, ह्याचं नाटक करतोय, संगीत तू कर. नाही म्हणायला माझी काही पेन्शन सुरू नव्हती.

सिनेमा जुना, पण घराघरात पाठ. एका लहानशा गावात एक विधवा बाई लोकांचे कपडे शिवते. तिच्या मुलीला दूरच्या शहरात नोकरी लागते. आईचा सक्त विरोध. निघायच्या दिवशी मुलगी दारात बॅग घेऊन उभी राहते आणि निरोपाचं गाणं म्हणते. आई पूर्ण गाणंभर तिच्याकडे आणि आपल्याकडे पाठ करून शिलाई मशीन चालवत असते, एकदाही वळत नाही. मुलगी जाते. ते गाणं माहीत नाही असा माणूस मला अजून भेटायचाय. शाळेच्या निरोपसमारंभात तेच, लग्नात तेच, साहेब निवृत्त झाले की तेच.

गोम अशी की मालकांना गोष्टीचे हक्क मिळाले आणि गाण्यांचे मिळाले नाहीत. ते दुसऱ्याच कंपनीकडे होते आणि ती कंपनी तोंडाला येईल तो आकडा सांगत होती. म्हणजे सगळी गाणी मी नव्याने करायची. बाकीची झाली, चांगली झाली. प्रश्न एकाच जागेचा होता, निरोपाच्या. तिथे मी मुलीसाठी नवं गाणं केलं आणि खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडलं होतं.

उद्घाटनाआधी आम्ही चाचणीचे काही प्रयोग लावले होते. पहिल्याच प्रयोगाला निरोपाचा प्रसंग आला. मुलीने बॅग उचलली, मी पियानोवर सुरुवातीचे सूर धरले, आणि ती तोंड उघडणार तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून कुणीतरी जुनं गाणं सुरू केलं. मग ती रांग गायला लागली, मग बाल्कनी, मग अख्खं नाट्यगृह. माझा ढोलकवाला इतका फितूर की त्याने त्यांना ठेका धरून दिला. आमची नायिका आ वासून उभी. गाणं संपल्यावर लोकांनी स्वतःसाठीच टाळ्या वाजवल्या. आणि तो तिसऱ्या रांगेतला पहिला आवाज मला चांगलाच ओळखीचा होता, कारण त्याच आवाजाने मला पाढे शिकवले होते. ती माझी आत्या होती.

प्रयोगानंतर मालकांनी मला ऑफिसात बोलावलं. रागावले नाहीत, त्यामुळे मी जास्तच घाबरले. त्यांनी शांतपणे सांगितलं, की शनिवारी चाचणीचा शेवटचा प्रयोग आहे. त्या दिवशीही लोकांनी तुझं गाणं बुडवलं, तर मी घर गहाण टाकीन पण जुनी गाणी आणीन. आणि ती आली की तुझं सगळंच संगीत जाईल, ते एक गाणं नाही, सगळं. एका नाटकात दोन संगीतं नांदत नाहीत. दोन वर्षं मी दुसरं काम घेतलं नव्हतं.

घरी येऊन मी आत्याशी एक अक्षर बोलले नाही.

आत्याबद्दल सांगायला हवं. आईवडील गेल्यावर तिनेच मला वाढवलं. गणिताची शिक्षिका, आता निवृत्त, पण घरात अजून वर्ग चालू. तिने आयुष्यात कुणाची माफी मागितल्याचं ऐकिवात नाही. माझ्यावर तिचा जीव आहे हे जग म्हणतं, मीही म्हणते, पण एक गोष्ट माझ्या मनात कायम सलत होती. मी संगीत शिकायला परगावी निघाले त्या दिवशी फाटकाशी टॅक्सी उभी होती, आणि ही टेबलाशी पाठमोरी बसून, लाल पेन घेऊन, पेपर तपासत होती. मी येते म्हटलं. मान वर न करता म्हणाली, दार ओढून घे. तेवढंच. फाटकापर्यंतसुद्धा आली नाही.

सकाळी चहाला बसल्यावर मात्र मला राहवलं नाही.

"स्वतःच्या भाचीचं गाणं पाडलंस तू," मी म्हटलं.

"मी काय करू? तोंडातून आपोआप आलं," आत्या म्हणाली आणि चहात बिस्कीट बुडवलं.

मग उलट मलाच शिकवायला लागली. गाणं वाईट नव्हतं, पण त्या मुलीकडे एक गाणं आहे की आधीच. जिचं पोट भरलंय तिला तू वाढत बसलीस आणि जी उपाशी आहे तिच्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. मी विचारलं, कोण उपाशी? आत्या म्हणाली, आई. तो सिनेमा मी मुलीसाठी बघतच नाही, मशीनवरच्या त्या बाईसाठी बघते. आणि त्या मशीनवर दोऱ्याचं रीळ नाही.

मी म्हटलं, काहीतरीच. तिने सिनेमा लावला, त्या प्रसंगापाशी आणला आणि पडद्यावर बोट ठेवलं. बाईच्या खांद्यावरून मशीन दिसत होतं, सुई खालीवर होत होती, कापड पुढे सरकत होतं, आणि वरची रिळाची दांडी बोडकी होती. त्या बाईने सगळं गाणंभर दोऱ्याशिवाय मशीन चालवलं होतं. मला हसूच फुटलं. सामान मांडणारा कुणीतरी विसरला असणार, आणि तिकडे लोक रडत असल्यामुळे ते कुणाला दिसलंच नव्हतं.

"विसरला असेल," आत्या म्हणाली. "पण दिसतंय ते दिसतंय. ती बाई शिवत नाहीये. तिला फक्त पाठ करून बसायचंय."

"का पण?"

"वळली असती तर पोरगी गेली असती का?"

एवढं बोलून तिने कपबशा उचलल्या आणि त्या विसळायला गेली. नळ सोडला. माझ्याकडे पाठ होती.

"तू गेलीस ना," ती म्हणाली, "तेव्हा माझ्याकडेही तपासायला पेपर नव्हते. शाळेला सुट्टी लागली होती."

टेबलाशी बसून मी लहान मुलासारखी रडले, आणि आत्याने त्या दोन कपबशा एवढा वेळ विसळल्या की त्यांच्यावरची नक्षी निघून जायची.

गाणं त्याच दिवशी झालं. मी केलं असं म्हणवत नाही, मी फक्त मधून बाजूला झाले. मुलीचं गाणं काढून टाकलं. मुलगी गेल्यावर, दार लागल्यावर, आई गाणार. दिग्दर्शक म्हणाला, चाचणी चालू असताना कुणी जागा बदलतं का? मी म्हटलं, बुडालेल्याला पावसाची काय भीती. नायिका रुसली, तिचं एकुलतं एक मोठं गाणं गेलं होतं. तिला मी सांगितलं, तू गायचं नाही, तू फक्त बूट घालायचे. लांब नाडीचे बूट, सावकाश. अख्खं नाट्यगृह तुझ्यासाठी गाईल. आपल्याला ते गाणं वाजवायची बंदी आहे, सुचवायचीही बंदी आहे, पण बुटाची नाडी बांधायला कुठली कंपनी हरकत घेणार? मालकांचे वकील ह्यावर बराच विचार करून हो म्हणाले.

राहिली आई. ते काम करणाऱ्या बाईंना सगळे खर्जताई म्हणत, आवाज तसा होता म्हणून. एके काळी नायिका होत्या, आता त्यांना नाटकात चार वाक्यं होती आणि त्यांचं विंगेत बसून शब्दकोडं सोडवणं चाले. मी चाल वाजवून दाखवली. खाली, अगदी खाली, मशीनच्या पायाच्या लयीत. त्या ऐकत राहिल्या.

"इतकी वर्षं लोकांच्या आया होतेय मी," त्या म्हणाल्या. "कधी कुणी विचारलं नाही, बाई, तुला काय म्हणायचंय?"

शनिवारचा प्रयोग दुपारचा होता. मालक मागे दाराशी उभे, हाताची घडी घालून. आत्या तिसऱ्या रांगेत, मांडीवर पर्स. प्रसंग आला. मुलगी स्टुलावर बसली आणि बूट घ्यायला वाकली. आम्ही वादक गप्प. मला वाटलं होतं लोक लगेच गायला लागतील. कुणी गाईना. पहिल्या बुटाची नाडी बांधून झाली तरी शांतता, एकजण खोकला तेवढंच. मी आत्याकडे बघितलं तर ती ओठ मिटून बसलेली, घट्ट, जशी परीक्षेच्या वर्गात बसायची. नको तेव्हा गायली आणि हवं तेव्हा मौनव्रत.

मुलीने दुसरा बूट घेतला आणि बाल्कनीतून एक पुरुषी आवाज आला, बेसूर, पण ठाम. पहिली ओळ. दुसऱ्या ओळीला त्याला चारजण मिळाले, कडव्याला सगळं नाट्यगृह. ह्या वेळी त्यांच्या आड येणारं कुणी नव्हतं, त्यामुळे ते हळू गायले, एखाद्याला खरंच पोचवायला आल्यासारखे. मुलगी नाडी हातात धरून ऐकत राहिली आणि तिला खरं रडू आलं. गाणं संपलं. ती उठली, आईच्या पाठीकडे बघितलं, गेली, दार लागलं. लोक टाळ्यांसाठी हात उचलणार इतक्यात मशीन सुरू झालं.

खटखट, खटखट. एवढाच आवाज. टाळ्या राहिल्या. आणि त्या लयीवर, पाठ तशीच ठेवून, खर्जताईंनी सूर लावला.

*सुई चालते, चालू दे,*
*दोरा मुद्दाम ओवला नाही.*
*वळले तर तू थांबशील, पोरी,*
*म्हणून मी वळले नाही.*

माझे हात पियानोवर चालत होते, पण मी तिथे नव्हते, मी फाटकाशी टॅक्सीत होते. शेवटच्या कडव्याला मशीन थांबलं. खर्जताई उठल्या, पहिल्यांदाच आमच्याकडे वळल्या आणि इतका वेळ शिवलेलं कापड त्यांनी दोन्ही हातांनी वर धरलं. त्याचे दोन तुकडे झाले, एक ह्या हातात, एक त्या हातात. एकही टाका नव्हता. नाट्यगृहात श्वास घेतल्याचा आवाज मला खाली वादकांत ऐकू आला.

नंतरची शांतता इतकी लांबली की मला वाटलं, पडलं. मग टाळ्या फुटल्या. नाटकाच्या मधे असं काही थांबवायचं नाही, असा दिग्दर्शकाचा दंडक होता, पण बाल्कनीतून वन्स मोअर आला, मग चहूकडून. खर्जताईंनी खाली माझ्याकडे बघितलं. मी हात वर केला. त्या पुन्हा मशीनवर बसल्या, पाठ केली, आणि तेच गाणं पुन्हा झालं. ह्या वेळी दुसऱ्या कडव्याला लोक हलकेच साथ द्यायला लागले. माझ्या गाण्याला. पाचच मिनिटांपूर्वी जे जगात कुणालाही माहीत नव्हतं त्या गाण्याला. मला इतका आनंद आयुष्यात झाला नव्हता.

पडदा पडल्यावर मालक रंगमंचामागे आले. डोळे लाल. खर्जताईंना वाकून नमस्कार केला, ढोलकवाल्याला मिठी मारली आणि मग माझ्यासमोर येऊन घुटमळले. जुन्या गाण्यांचा विषय निघालाच नाही.

"ती तुझी गोष्ट," ते म्हणाले. "ज्याच्यावर सिनेमा नाहीये ती. सोमवारी घेऊन ये."

बाहेर आत्या पायऱ्यांवर टॅक्सीची वाट बघत उभी होती. मी शेजारी जाऊन उभी राहिले. कसं झालं, हे मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. टॅक्सी येईपर्यंत ती रस्त्याकडे बघत काहीतरी गुणगुणत होती, खाली, अगदी खालच्या सुरात.

"कुठलं गं हे गाणं?" मी विचारलं.

आत्या वळली. सरळ माझ्याकडे बघितलं.

"मी काय करू," ती म्हणाली. "तोंडातून आपोआप आलं."