टाकीच्या पोटातला हात

आल्विना ड्रायलिंग पिकअप घेऊन आली ती खिडकीतून मुंडकं बाहेर काढूनच. लिअँडर दुकानाच्या दारात उभा होता.

"कुत्र्यासारखं तोंड बाहेर काढून गाडी चालवायची ही नवी तऱ्हा कुठली?" त्याने विचारलं.

"आत बसून बघ. दहा मिनिटांत तुझा भाऊ भेटेल तुला."

त्याचा भाऊ, म्हणजे तिचा नवरा क्लेमेन्स, जाऊन सहा वर्षं झाली होती. लिअँडरने दार उघडलं आणि पेट्रोलचा भपकारा थेट त्याच्या डोळ्यांत गेला.

गाडी एक्कावन्न सालची. आल्विनाच्या सासऱ्यांनी नवी कोरी घेतलेली. त्या काळी टाकी सीटच्या मागे, केबिनमध्येच असायची. वळणावर पेट्रोल हेंदकळलं की चालवणाऱ्याच्या पाठीला कळायचं. लग्न होऊन आल्यापासून, छप्पन वर्षं, गव्हाच्या कापणीला शेतावरचं जेवण आल्विना याच गाडीतून नेत होती. येत्या शनिवारी कापणी सुरू व्हायची होती.

"नोलन म्हणतो, प्लास्टिकची नवी टाकी मागवा आणि हौद्याखाली बसवा," ती म्हणाली. नोलन तिचा मुलगा.

"बरोबर म्हणतो."

"बरोबर म्हणतो, पण टाकी यायला दहा दिवस. कापणी काय थांबणार आहे? तू डाख लाव. तेवढं तरी येतं ना अजून?"

सत्तेचाळीस वर्षं लिअँडरने गळके रेडिएटर आणि टाक्या कथलाने डाखण्यात घालवली होती. दुकान बंद करून चार वर्षं झाली, तरी हत्यारं भिंतीवर जागच्या जागी होती. त्याने नुसतं नाक वाजवलं आणि सीटचे बोल्ट सोडायला घेतले.

टाकी बाहेर निघाली तेव्हा तिच्या बुडाची पार चाळण झालेली दिसली. पत्र्यावर नख मारलं की पापुद्रा हातात येत होता. पेट्रोल काढून त्याने सोड्याचं कढत पाणी भरलं, खळबळून ओतलं, पुन्हा भरलं. असं तीनदा. मग तोंड उघडं ठेवून टाकी दिवसभर उन्हात ठेवली.

"रिकामी तर आहे. एवढं काय तिला न्हाऊमाखू घालतोस?" आल्विना म्हणाली.

"भरल्या टाकीला घाबरायचं नसतं, रिकामीला घाबरायचं. भरलेली जळते. रिकामी फुटते."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने टाकी उलटी करून बुडाची दुमड उकलली आणि कात्रीने सडका पत्रा कडेकडेने कापून काढला. पुढचं काम त्याला पाठ होतं. आत तेजाब, म्हणजे ॲसिड, फिरवायचं, गंज खाऊ द्यायचा, धुवायचं, नवं बूड बसवायचं आणि आतून रंगासारखा घट्ट लेप द्यायचा. तेजाबाची बाटली त्याने जवळ आणून ठेवलीही होती. गंज किती आहे ते बघावं म्हणून त्याने दिवा आत धरला.

टाकीच्या पोटात, पेट्रोल फार हेंदकळू नये म्हणून बसवलेली, पत्र्याची एक उभी पडदी होती. शिसं-कथलाचा मुलामा तिच्यावर अजून चांदीसारखा होता. आणि त्या चांदीवर तपकिरी रंगात एक हात उमटलेला होता.

आधी त्याला वाटलं, गंजाचा डाग. त्याने फडकं फिरवलं. डाग हलला नाही. दिवा तिरका केला तेव्हा तळहातावरच्या रेषा दिसल्या. अंगठ्याच्या मुळाशी गोल वळलेली रेष, बोटांची पेरं, पेरांवरच्या बारीक वळ्या. डावा हात. अनामिकेचं वरचं पेर नव्हतंच.

लिअँडर खाली स्टुलावर बसला. कसं झालं असेल ते त्याच्या लगेच लक्षात आलं. घामाचं मीठ मुलाम्यात उतरलं असणार, आणि त्याच रेषांनी पत्रा हळूहळू करपला असणार. पण टाकीचं बूड एकदा बंद झालं की या पडदीपर्यंत कुणाचाही हात पोचणार नव्हता. म्हणजे कारखान्यात, बूड बसवायच्या आधी, कुणीतरी उकाड्यात ही पडदी हाताने दाबून धरली होती. त्यानंतर तिच्यावर माणसाची नजर पडली ती आज.

गाडी दुकानातच अडकल्याने आल्विना मागे त्याच्या घरातच राहिली होती. त्याने तिला हाक मारली. ती हाताचं पीठ झटकतच आली आणि वाकून आत बघू लागली. मग तिने आपला पंजा त्या हातासमोर धरला, न टेकवता. तिचा पंजा मोठा होता.

"बाई असेल," ती हलकेच म्हणाली. "नाहीतर कोवळा पोरगा."

"असेल."

"लिअँडर, नोलनच्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हा क्लेमेन्सने मला याच गाडीतून नेलं. तीस मैल. मी सीटला पाठ रेटून बसले होते." ती थांबली. "तेव्हा हा माझ्या पाठीशी होता."

लिअँडरने तेजाबाच्या बाटलीचं बूच घट्ट केलं आणि ती फळीवर ठेवून आला.

"पडदी कापून देऊ का काढून?" त्याने विचारलं. "भिंतीला लावता येईल. दुसरी पडदी बसवतो मी."

आल्विनाने विचार केला. "नको. ज्याने धरली त्याने भिंतीसाठी नाही धरली. राहू दे तिथेच."

मग लेपही देता येईना, कारण लेपाने हात झाकला असता. सगळी भिस्त डाखावर आली. बुधवार आणि गुरुवार लिअँडर डोकं टाकीत घालून तारेच्या ब्रशने गंज खरवडत राहिला. पडदीच्या जवळ आला की ब्रश ठेवून चिंधी घ्यायचा. शुक्रवारी नवीन पत्रा कापून बुडाच्या मापाने दुमडला. गुडघे बोलायला लागले होते.

शनिवारी कापणी सुरू झाली आणि टाकी अजून टेबलावरच. नोलनचा फोन आला. आल्विनाने त्याला सांगितलं, "बायकोला म्हणावं, आज गार सँडविच नेऊन दे. कुणी मरत नाही त्याने."

पत्रा बसवायच्या आधी लिअँडरने दिवा शेवटचा आत धरला. आपणही हात टेकवावा असं त्याला वाटून गेलं. उकाडाही होता, हातही घामेजलेला होता. पण त्याने हात पुसला आणि बूड ठेवलं.

तांब्याची डाखणी तापवून तो कडेने डाख ओढत गेला. दुसऱ्या बाजूने आल्विनाने पत्रा दाबून धरला होता. कथील वितळून दुमडीत शिरत होतं, मागे चकचकीत रेघ राहत होती. चारी कडा पुऱ्या व्हायला तीन तास गेले. मग टाकीत बेताची हवा भरून त्याने शिवणीला साबणाचा फेस लावला. दोघं चष्मे सावरत वाट बघत राहिले. एकही बुडबुडा आला नाही.

रविवारी प्रार्थनेनंतर आल्विनाने कोबी आणि खिमा भरलेले पाव टोपल्यांत घातले. "चल," ती म्हणाली, "फुटली तर दोघं एकदम जाऊ."

शेताच्या कच्च्या रस्त्याने गाडी निघाली. केबिनमध्ये आता फक्त गरम पावांचा वास होता. वळणावर पाठीमागे पेट्रोल हेंदकळलं तसा लिअँडर नकळत ताठ बसला. सत्तेचाळीस वर्षांत शेकडो टाक्या हाताखालून गेल्या होत्या. प्रत्येकीत त्याने न बघता तेजाब ओतलं होतं. कुणाकुणाचे हात धुतले गेले असतील, कुणास ठाऊक. हे त्याने आल्विनाला सांगितलं नाही.

हार्वेस्टर थांबलं. माणसं धुळीतून हसत येऊ लागली. नोलनने आधी केबिनमध्ये डोकं घालून वास घेतला.

"एका टाकीला सहा दिवस, लिअँडर काका?"

लिअँडर टोपल्या उतरवू लागला. आल्विनाने टोपलीवरचं फडकं काढलं आणि म्हणाली, "आधी हात धू. मग सांगते."