सवत माझी, तुमची नव्हे

रंगारी गेला त्याला महिनाही झाला नव्हता, तोच त्याचा भाऊ दोन वडीलधाऱ्यांना घेऊन दारात हजर झाला. रंगाऱ्याच्या मागे दोन बायका. त्यातल्या थोरलीने तिघांना चटई टाकून दिली. पाणी मात्र विचारलं नाही. दिराचा चेहरा बघूनच तिला काय ते कळलं होतं.

"वहिनी, खरी बायको तुम्ही," घसा खाकरत दीर म्हणाला. "धाकटीला जाऊ दे माहेरी. तुमच्यावरचा अन्याय तरी दूर होईल."

थोरलीला हसूच आलं. धाकटी घरात आली तेव्हा हीच थोरली दाराआड डोळे सुजेस्तोवर रडली होती. तेव्हापासून दोघींचा उभा दावा. चुलीवरून, नवऱ्यावरून, अगदी वाळत घालायच्या दोरीवरूनसुद्धा! एकदा तर हातघाईवर येऊन त्यांनी लाल रंगाचा अख्खा हंडा अंगणात लवंडला होता.

"अन्याय?" ती म्हणाली. "भाऊजी, तो झाला तेव्हा तुम्ही त्या लग्नात बोटं चाटत जेवत होता. आणि हे दोघे काका नवरदेवाच्या पाठीवर थापा मारत होते. माझी आठवण आज आली होय?"

"तुझ्याच भल्याचं सांगतोय, बाई," एक काका म्हणाले. "सवत ती सवतच."

"आहेच. पण ती माझी सवत आहे, तुमची नव्हे. तिच्याशी भांडायचं की नांदायचं, माझं मी बघेन."

दीर ताडकन उठला. "मग या घराची पायरी पुन्हा चढणार नाही!"

"जपून उतरा. ओली आहे."

तिघे तणतणत गेले. आतल्या दारात धाकटी उभी होती, हातात भरलेली पेटी.

"ताई, जाते मी. उगाच माझ्यापायी..."

"ठेव ती खाली. मागे निळं कापड भिजत पडलंय. एकटीनं पिळायचं होय मी?"

दोघींनी कापडाची दोन टोकं धरली आणि उलटसुलट पीळ द्यायला घेतला. निळं पाणी दोघींच्या कोपरांवरून ओघळू लागलं. धाकटीच्या डोळ्यांना धार लागली.

"रडू नकोस," थोरली गुरकावली. "मी अजून तुला माफ केलेलं नाही."

"मी कुठं मागितलीय माफी?" धाकटी उसळून म्हणाली, आणि तिने आपलं टोक असं ओढलं की थोरलीला पाय रोवून उभं राहावं लागलं.