आनंदा मढवींची हजेरी

आमच्या कॉलेजात एखाद्याचा मान ठेवायचा म्हणजे त्याला शाल आणि नारळ द्यायचा आणि मग त्याच्याकडे बघायचं सोडून द्यायचं. आनंदा मढवींच्या बाबतीत नेमकं हेच झालं. वीस वर्षं फौजेत काढून हवालदार म्हणून निवृत्त झालेल्या या माणसाने एकोणचाळिसाव्या वर्षी आमच्या डोंबिवलीच्या कॉलेजात एफ.वाय.बी.ए.ला नाव घातलं. पंधरा ऑगस्टला त्यांना स्टेजवर बसवलं, फोटो काढले, भाषणं झाली. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं, "चित्राताई, माजी सैनिक विद्यार्थी ही जबाबदारी आता तुमची." मी राज्यशास्त्र शिकवते, निवृत्तीला थोडीच वर्षं उरली आहेत, आणि न मागता गळ्यात पडलेल्या जबाबदाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

तरी केलं सगळं. ठाण्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात खेटे घातले, त्यांची फीची सवलत मंजूर करून आणली. तिथल्या साहेबांनी मला विचारलंही, की यांना कॉलेजची गरजच काय? पंधरा वर्षं नोकरी केलेल्या सैनिकाला बऱ्याच छोट्या सरकारी जागांसाठी पदवीधराच्या बरोबरीचं धरतात. मी तेच येऊन आनंदांना विचारलं.

"तो कागद आहे माझ्याकडे," ते म्हणाले. "पण मी शिकलो कुठे, मॅडम? नुसतं शिकलेला धरतात."

त्यांना अधिकारीपदाची परीक्षा द्यायची होती आणि तिला खरी पदवी लागते. माजी सैनिक म्हणून वयाची सूट होती, पण तीही संपत आलेली. तीन वर्षांत बी.ए. झाले तर एकदा, फक्त एकदाच, त्यांना त्या परीक्षेला बसता येणार होतं. मानपाड्याला त्यांच्या भावांनी जमिनी बिल्डरला देऊन टाकल्या होत्या आणि आता ते सकाळ-संध्याकाळ सोसायटीच्या गेटपाशी खुर्च्या टाकून बसत. "तू पण बस की," असं ते यांनाही म्हणत. यांना बसायचं नव्हतं.

वर्ग तिसऱ्या मजल्यावर. आनंदांच्या डाव्या पायाला बोटं नाहीत, बर्फात गेली, एवढंच मला माहीत होतं. लिफ्ट आम्हा शिक्षकांसाठी आहे. मी त्यांना ती वापरायची परवानगी काढून दिली. त्यांनी आभार मानले आणि रोज कठडा धरून जिन्यानेच चढत राहिले. मी एकदा रागावले, तर म्हणाले, "पोरं चढतात ना." त्यांचं 'पोरं' म्हणजे वर्गातली अठरा-एकोणीस वर्षांची मुलं. ती यांना काका म्हणत, यांच्या वहीवरून नोट्स उतरवून घेत आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी यांच्याभोवती गोळा होत.

जानेवारीच्या शेवटी आनंदा येईनासे झाले. हे मला कळलंच नाही. मी तेव्हा त्या वर्गाला शिकवत नव्हते. माझ्याकडे महिन्याची हजेरी यायची, आणि तिच्यात आनंदा मढवी रोज हजर होते. आमचे सहकारी मान वर न करता नंबर पुकारतात, 'येस सर' ऐकू आलं की खूण करतात. प्रॉक्सी, म्हणजे दुसऱ्याच्या नंबराला 'येस सर' म्हणणं, ही गोष्ट आमच्याकडे इतकी मुरलेली आहे, की तिला कोणी खोटं म्हणत नाही. मैत्री म्हणतात.

मार्च उजाडता उजाडता ते स्टाफरूमच्या दारात उभे राहिले. डोक्याचं मुंडण केलेलं होतं, चेहरा सुकला होता.

"मॅडम, बाहेर बोर्डावर बघितलं, माझी हजेरी चुकीची लागलीये," ते म्हणाले. "मी महिनाभर नव्हतो. ती खोडायची आहे."

मी त्यांना बसवलं. पाणी दिलं. आणि मग, खरं तेच सांगते, मी त्यांना गप्प बसायला सांगितलं. हजेरी पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली गेली की परीक्षेला बसू देत नाहीत. वर्ष गेलं असतं, वर्षाबरोबर सवलत गेली असती आणि वयाच्या हिशोबात ती पुढची परीक्षाही. "ज्यांनी लावली त्यांनी तुमच्या भल्यासाठी लावली," मी म्हटलं. "कशाला उकरून काढताय?"

"मी नव्हतो ना पण," ते म्हणाले.

मग मी त्यांना घेऊन प्राचार्यांकडे गेले. प्राचार्य माणूस वाईट नाही. नियमात एक फट असते ती त्यांनी लगेच शोधली: स्वतःचं आजारपण किंवा आईवडिलांचा मृत्यू असेल तर गैरहजेरी माफ करता येते. त्यांनी आनंदांच्या डोक्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "आई गेली का?"

"हो."

"मग प्रश्नच मिटला. अर्ज द्या."

"माझी नाही, सर. फौजेतला माझा दोस्त गोपीनाथ, त्याची आई. आवडाबाई. खडवलीला असायच्या. त्यांना बघायला कोणी नव्हतं, म्हणून मी जाऊन राहिलेलो. अग्नी पण मीच दिला."

"नातं काय तुमचं?"

आनंदांनी थोडा विचार केला. "कागदावर काही नाही."

मी टेबलाखालून त्यांच्या पायाला पाय लावला. नुसतं 'आईसारखी' म्हणाले असते तरी प्राचार्यांनी 'सारखी' ऐकलं नसतं. पण हा माणूस ताठ बसून राहिला आणि प्राचार्यांनी नाइलाजाने नकाराची मान हलवली. मी संतापूनच बाहेर आले. व्हरांड्यातच मी त्यांना म्हटलं, "तुमच्या या खरेपणाचं काय लोणचं घालायचंय? एक शब्द बोलला असतात तर कोणाचं काय बिघडणार होतं?"

ते म्हणाले, "मॅडम, जरा बसू या का? पाय दुखतोय."

स्टाफरूममध्ये दुपारचं कोणी नव्हतं. तिथे त्यांनी मला सांगितलं. मध्ये कुठे आवाज चढला नाही की थांबले नाहीत.

"आम्ही खालच्या चौकीवर रॉकेल आणायला गेलेलो. मी आणि गोपीनाथ. तो खडवलीचा, मी मानपाड्याचा, म्हणून एकत्रच असायचो. परत येताना बर्फ घसरला. माझा पाय दगडात अडकला. तो माझ्यापासून थोडा खाली, उतारावर पडलेला, उठता येत नव्हतं, पण शुद्धीत होता. बोलत होता. मी त्याला म्हटलं, घाबरू नको, संध्याकाळी हजेरी होईल, दोन माणसं कमी निघतील, लगेच येतील शोधायला."

"मग?"

"हजेरी झाली. आमची नावं पुकारली. आणि कोणीतरी आमच्या वतीने 'हाजिर' म्हणालं. बर्फ पडत होता, सगळे कानटोप्या ओढून उभे, कोणाचा चेहरा कोणाला दिसत नव्हता. त्याला वाटलं, हे दोघं खाली चहा पीत बसले असतील, येतील मागून, उगाच शिक्षा नको. मायेनंच केलं त्यानं. दोनदा आवाज बदलून म्हणाला."

"कोण होता तो?"

"दर दिवाळीला फोन करतो मला. नाव नाही घेत मी त्याचं." त्यांनी पायावरून हात फिरवला. "हजेरी पूर्ण भरली, म्हणून शोधायला कोणी निघालंच नाही. गोपीनाथ पुन्हापुन्हा विचारायचा, आले का रे? मी म्हणायचो, येतायत. उजाडल्यावर आले ते. तेव्हा तो विचारायचा थांबलेला."

इतकी वर्षं वर्गात उभी राहून मी हजारो नंबर पुकारले असतील, आणि त्या पुकारण्याचा अर्थ एवढा साधा असेल हे कधी मनात आलं नव्हतं. कोण नाही, ते कळावं म्हणून पुकारायचं.

तेवढ्यात मितेश आला. वर्गातला सगळ्यात वात्रट पोरगा, मागच्या बाकावरचा राजा. काका आलेत हे कळून धावत आला होता. त्याला वाटलं, मी त्यांना फैलावर घेतेय.

"मॅडम, काकांना नका बोलू. प्रॉक्सी मी लावलेली. कधी मी, कधी अपूर्व. काकांचं वर्ष जाईल म्हणून. एक पण लेक्चर सोडलं नाही आम्ही."

"माहितीये रे," आनंदा म्हणाले. त्यांनी त्याचा हात धरून शेजारी बसवलं. "महिनाभर मी आलो नाही. मला फोन केला का कोणी?"

मितेश खाली बघायला लागला. "नाही. म्हणजे वाटलेलं, हजेरी लागतेय ना, मग टेन्शन नाही."

आनंदा त्याला रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "परत मी नसलो ना, तर मी नाही असंच सांग."

हजेरी खोडली गेली. परीक्षेला बसणाऱ्यांच्या यादीत आनंदा मढवींचं नाव आलं नाही, आणि वयाचा हिशोब मी कितीही फिरवून पाहिला तरी तो जमला नाही. ती अधिकारीपदाची परीक्षा आता त्यांच्या हातून कायमची गेली होती. मला वाटलं, आता हे सोसायटीच्या गेटपाशी खुर्ची टाकून बसणार. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पहिल्या बाकावर होते.

"परीक्षा नाही, पण शिकायला बंदी नाही ना?" त्यांनी विचारलं. "पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून करीन. फक्त माझा नंबर पुकारत राहा."

त्या वर्गाचे उरलेले तास मी सहकाऱ्यांकडून मागून घेतले. हजेरी मी स्वतः घ्यायला लागले, मान वर करून. प्रॉक्सी बंद झाली असं मी म्हणणार नाही. बाकीच्यांची चालूच राहिली आणि मी रोज दोघाचौघांवर ओरडत राहिले. पण आनंदांच्या एक्केचाळीस नंबरच्या वाटेला कोणी गेलं नाही.

सत्राच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी मी पुकारलं, "एक्केचाळीस."

पहिला बाक रिकामा होता. मी पुन्हा पुकारलं. कोणी हूं की चूं केलं नाही. ज्या वर्गात एरवी एका नंबराला तीन आवाज येतात, तिथे फक्त पंख्याचा आवाज येत होता. मग मागच्या बाकावरून मितेश उभा राहिला.

"काका नाहीयेत, मॅडम. पण आलेत ते, मी गेटवर बघितलेलं. मी बघून येऊ?"

माझ्या उत्तरासाठी तो थांबला नाही. त्याच्या मागे अपूर्व गेला, त्याच्या मागे आणखी चारपाच जण, आणि हजेरीचा कॅटलॉग टेबलावर उघडा टाकून मीही गेले.

आनंदा दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पायरीवर बसले होते. डाव्या पायातला बूट काढून शेजारी ठेवलेला, घोटा सुजून टम्म झालेला. पिशवी मांडीवर होती. अर्ध्यावर पाय मुरगळला होता आणि उठता येत नव्हतं.

"हाक तरी मारायचीत," मी चिडून म्हटलं. "वरचं ऐकू येतं इथे."

"ऐकलं ना. माझा नंबर दोनदा पुकारलात."

"मग ओ का नाही दिलीत?"

"वर्गात नव्हतो, मॅडम."

मितेश त्यांच्यापुढे गुडघ्यावर बसला होता आणि त्यांचा पाय हातात धरून काय करावं ते न कळून नुसता बघत होता. आनंदांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आधार घेऊन उठतील असं मला वाटलं, पण ते उठले नाहीत. जिन्यावर उभ्या असलेल्या पोरांकडे त्यांनी एकेक करून पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

"लवकर आलात रे," ते म्हणाले.