टेपचा दुमडलेला कान

पुन्हा शुक्रवार उजाडला आणि पुन्हा दोन्या इर्माच्या, म्हणजे इर्माबाईंच्या, गाडीचे इंडिकेटर बंद. गाडी तीच, बिघाड तोच, आणि माझ्या नवऱ्याचा खुललेला चेहराही तोच. सकाळी सकाळी दाढी करून बसला होता. कासियानोची दाढी म्हणजे हनुवटीवरचे चार केस, ती तो एरवी लग्नाकार्यालासुद्धा करत नाही.

आमचं वर्कशॉप उंचावरच्या एल आल्तो शहरात, गाड्यांच्या वायरिंगवाल्यांच्या रस्त्यावर. तो आत वायरी बघतो आणि मी दारात टपरी टाकून आपी आणि चीज भरून तळलेले पस्तेल विकते. जांभळ्या मक्याचं आपी, दालचिनी घातलेलं, वाफाळतं. आमच्या थंडीत ते पोटात गेल्याशिवाय कोणाची बोटं हलत नाहीत. टपरीतून वर्कशॉपची पार मागची भिंतसुद्धा दिसते. जागा मी उगाच निवडलेली नाही.

ही इर्मा विधवा. नवरा गेला, मागे टॅक्सी ठेवून गेला, आणि बाई रडत बसायचं सोडून गाडी शिकली. गुरुवारच्या बाजारात लोकरीचे कपडे विकते. परतायला रात्र होते, तिच्या बोळात गाडी शिरत नाही, म्हणून गुरुवारी गाडी आमच्या अंगणात झोपते आणि शुक्रवारी सकाळी ती न्यायला येते. हे सगळं कासियानोनेच ठरवलेलं. "एकटी बाई आहे, चोर काच फोडतील," म्हणाला. मी एकटी पिठाचं पोतं पाठीवर घेऊन बाजारातून येते तेव्हा याला चोर आठवत नाहीत.

आणि येते तीही कशी, तर नवी कोरी टोपी कानावर तिरकी, घागऱ्याच्या चुण्या आत्ताच घडी मोडल्यासारख्या, हसली की सोन्याचा दात चमकणार. माझ्या टोपीला तळणाचा वास येतो. घागऱ्याचं तर बोलूच नका.

"मिस्त्री, परत मेले हो," ती म्हणायची.

"बघतो ना, दोन्या इर्मा. तुम्ही बसा आत." हा आवाज मी घरात कधी ऐकला नाही. घरात त्याचे दोनच आवाज, एक जेवण मागायचा आणि एक घोरायचा.

आता गाडीचं सांगते, म्हणजे माझा जीव कशाने जळत होता ते कळेल. आमच्याकडच्या बऱ्याच गाड्या जपानमधून जुन्या होऊन येतात. त्यांचं स्टिअरिंग उजवीकडे, आमच्या रस्त्यांना हवं डावीकडे. मग बंदरावरच कोणीतरी ते उचलून डावीकडे बसवतं आणि वायरी तोडून, जोड देऊन लांब करतं. जुने कनेक्टर मात्र उजव्या टोकालाच डॅशबोर्डखाली राहतात. काही कामाचे, बाकीचे नुसतेच लोंबणारे रिकामे. नवशिका माणूस स्टिअरिंगखाली डोकं घालून दिवस घालवतो. लग्न झाल्यावर कासियानोने मला उजेडासाठी बॅटरी धरायला बसवलं, तेव्हा पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "सातुका, पालटलेली गाडी असली की आधी उजवीकडे बघायचं." मी ते अजून विसरले नाही.

तो विसरला. शुक्रवारमागून शुक्रवार हा माणूस डावीकडून आत शिरायचा, पेडलपाशी डोकं, दाराबाहेर पाय. इर्माला बसवायचा उजव्या सीटवर. तिने हात लांब करून इंडिकेटरची दांडी खाली-वर करायची. "दाबा, दोन्या. सोडा. परत दाबा." मधेच तो काहीतरी बोलायचा आणि ती हसायची. इकडे माझे पस्तेल करपायचे. दुपार कलली की हा बाहेर यायचा, अंग झटकायचा, "जरा सरकता का" म्हणत उजवीकडे जायचा, तिच्या गुडघ्यांजवळ हात घालायचा आणि टक्क. इंडिकेटर चालू.

एकदा जेवताना मी विचारलंच. "आधी उजवीकडे का नाही बघत?"

"प्रत्येक गाडी वेगळी असते."

"ही तर तीच आहे. दर आठवड्याला तीच."

"तू पस्तेल तळ, सातुका. मी सांगतो का तुला पीठ किती मळायचं?"

सांगत नाही, खातो फक्त. पण मी गप्प बसले, कारण तोवर माझं मत पक्कं झालं होतं. उजवीकडचा तो कनेक्टर आपोआप निघणारा नव्हे. त्याला जीभ असते, ती दाबल्याशिवाय दोन तुकडे सुटत नाहीत. म्हणजे कोणीतरी दाबतं. आणि कोण दाबणार? जिला दर शुक्रवारी येऊन हसायचंय तीच. मी तिच्या नावाने इतके दात खाल्ले की जबडा दुखायला लागला. माझा नवरा काही राजपुत्र नाही, पण जसा आहे तसा माझा आहे, आणि तो हातचा जातोय हे मला टपरीत उभं राहून बघावं लागत होतं.

तर त्या शुक्रवारी इर्मा आली तेव्हा कासियानो कोपऱ्यावरच्या दुकानात फ्यूज आणायला गेला होता. ती सरळ माझ्याकडे आली. आपी मागितलं, दोन घोट घेतले, आणि म्हणाली, "दोन्या सातुका, मी कोकाची पानं टाकून भविष्य सांगणाऱ्या बाबाकडे जाऊन आले. गाडीच्या चारी चाकांवर दारूही शिंपडली. बाबा म्हणतो, गाडीवर मत्सर बसलाय."

"असं?"

"बाईचा मत्सर. गाडी जिथे झोपते तिथलाच." पेल्याच्या काठावरून ती माझ्याकडे बघत राहिली. "तुमच्या ओळखीत आहे का हो कोणी अशी?"

मी झारा खाली ठेवला. हात पुसले. गॅस बंद केला, तो मी गिऱ्हाईक समोर असताना कधी बंद करत नाही.

"चला," म्हटलं. "दाखवते तुम्हाला मत्सर कुठे बसलाय ते."

खिळ्यावरची बॅटरी घेतली, उजवीकडचं दार उघडलं आणि गाडीत पाठीवर आडवी झाले. घागरा, परकर, सगळं गोळा करून पायात दाबलं. आत सगळीकडे धूळ, बंदरावरच्या लोकांनी गुंडाळलेल्या काळ्या पट्ट्या सुटलेल्या. रिकामे कनेक्टर तोंडं वासून लोंबत होते, त्यांच्या भोकांत माती बसलेली. ते कामाचे नव्हेत, त्यांना हात लावायचा नाही. वायरीचा रंग बघायचा, ती डावीकडे जाते का बघायची, आणि ज्याच्यावर धूळ नाही तो शोधायचा. सापडला. पांढरा, स्वच्छ, दोन तुकड्यांत सुटलेला. दोन्ही तोंडांवर पावाच्या पिशवीचं प्लास्टिक, त्यावर निळी टेप. आणि टेपचं टोक दुमडून केलेला छोटा कान.

तो कान मी ओळखते. आमचा सगळा रस्ता ओळखतो. कासियानोला वायरीचं उघडं तोंड बघवत नाही. कोणतीही वायर सोडवली की पावाच्या पिशवीचा तुकडा लावणार, निळी टेप गुंडाळणार आणि टोक दुमडून ठेवणार, पुढच्या माणसाला नखाने खरवडायला लागू नये म्हणून. शेजारचे मिस्त्री त्याला चिडवतात, "काय रे, बाळाला लंगोट बांधतोयस का?" इतकी वर्षं मीही त्यांच्याबरोबर हसत आले होते.

मी तशीच पडून राहिले. इर्माने केलं असतं तर तिने जीभ दाबली असती, ओढलं असतं आणि चालती झाली असती. तिला काय पडलंय आत धूळ जाते की नाही. हा गुरुवारी रात्री अंथरुणातून उठून जायचा, "अंगणाची कडी बघून येतो" म्हणायचा, आणि मी पांघरूण ओढून झोपायचे. थंडीत बाहेर बसून त्याने हे लंगोट बांधले होते. तिच्या गाडीला इजा होऊ नये, पण इंडिकेटर लागूही नयेत. मत्सर तर मला होताच, पण इतके दिवस तो इर्मावर होता, तिच्या झिंज्या ओढायची सोय होती. आता मी कोणाच्या ओढू?

"सापडलं का काही?" वरून इर्मा म्हणाली. मग आवाज खाली आणून, "खरं सांगू, दोन्या सातुका? राग मानू नका. तुमचा माणूस स्वभावाने चांगला आहे, पण हाताला यश नाही त्याच्या. दर शुक्रवारची माझी दुपार जाते. एकदा तशीच गाडी काढली तर वाहतूक पोलिसाने मला चौकात सगळ्यांदेखत झापलं. हसून हसून माझं तोंड दुखतं, म्हटलं निदान लवकर तरी करेल. पुढच्या गुरुवारपासून मी गाडी वळणावरच्या लुकानो मिस्त्रीच्या अंगणात लावणार आहे."

माझ्या अगदी ओठांवर आलं होतं की बाई, या रस्त्यावर माझ्या नवऱ्यासारखा हात दुसऱ्या कोणाचा नाही. पण ते सांगायचं तर मग रात्री जोड कोण सोडवतं हेही सांगावं लागलं असतं. मी तोंड मिटलं. दोन्ही टेपा कान धरून ओढल्या, सहज निघाल्या. तुकडे एकमेकांत बसवले. टक्क.

"दाबा," मी म्हटलं.

तिने दांडी दाबली. टिक टिक टिक सुरू झालं.

"अगं बाई, इतकंच होतं?" इर्मा म्हणाली.

"इतकंच होतं."

कासियानो फ्यूज घेऊन आला तेव्हा अंगण रिकामं होतं. त्याने अंगणाकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"गेली?"

"गेली. गाडी झाली तिची."

"कोणी केली?"

"मी. उजवीकडून."

दुपारी जेवायला बसलो. मी त्याच्यापुढे सूप ठेवलं, आणि पावाच्या ताटलीत पावाशेजारी त्या दोन निळ्या टेपा ठेवल्या, कानासकट. मी वाट बघत होते. खोटं बोलला असता तरी मी भांडून मोकळी झाले असते.

"उघडं ठेवलं तर धूळ जाते," तो म्हणाला आणि सूप प्यायला लागला.

पुढच्या गुरुवारी अंगण रिकामंच राहिलं. शुक्रवारी त्याने दाढी केली नाही. कामं येत होती, तो करत होता, दहा-दहा मिनिटांत गाड्या हातावेगळ्या करत होता, आणि अधूनमधून लुकानोच्या वळणाकडे मान वळवत होता. मी ते पाहिलं नाही असं दाखवत होते. मला वाटलं होतं इर्मा गेली की माझी आग विझेल. कसली विझते. ती समोर होती तेव्हा निदान कुठे बघायचं ते तरी मला माहीत होतं.

मग एका शुक्रवारी मी एक केलं. टपरीच्या दिव्याची वायर त्यानेच ओढून दिली आहे, मागच्या फळीखाली तिचा जोड आहे. संध्याकाळ व्हायच्या आत मी तो जोड सोडवला. दोन्ही तोंडांना पावाच्या पिशवीचा तुकडा लावला, त्याच्याच पेटीतली निळी टेप गुंडाळली, टोक दुमडलं. कान नीट जमला नाही, पण कळण्याइतका जमला. सकाळी मी घागरा बदलला होता, टोपीही वाफेवर धरून पुसली होती. अंधार पडायला लागला तशी मी हाक मारली. "कासियानो, माझा दिवा गेला."

तो आपीचा पेला हातात घेऊन आला. फळीखाली वाकला. त्याने कान बघितला. बघितला हे मला दिसलं, कारण क्षणभर तो तसाच वाकलेला राहिला. मी दिव्याच्या बटणावर बोट ठेवून उभी होते. तो म्हणाला असता, "दाबा, दोन्या," तर मी दाबलं असतं, सोडलं असतं, रात्रभर दाबत राहिले असते.

त्याने दातांनी टेप ओढली, एका हाताने जोड बसवला, आणि दिवा लागला.

"काही नाही, निघाला होता नुसता," तो म्हणाला, आणि परत आत गेला. दुसऱ्या हातातला पेला त्याने खालीसुद्धा ठेवला नव्हता.